पंधरा तारखेची संध्याकाळ

१७ जानेवारी १९९६, बुधवार

दुसरी! मारुता इसे, वय त्र्याऐंशी, एकटी राहणारी. पोस्टमनने पाहिलं. गादीवर उताणी, हात छातीवर नीट जोडलेले. ज्या उशीने तोंड दाबलं तीच उशी परत डोक्याखाली सरकवलेली. अठ्ठावीस डिसेंबरला होसोकाई तोमे गेली तीही हुबेहूब अशीच. उशीचं कुणाकडे बोलायचं नाही, असा निशिवाकी साहेबांचा हुकूम. वर्तमानपत्रवाल्यांना नाही, घरच्यांना नाही, बायकोला नाही. बायकोला काय सांगतो! ती माझ्याशी बोलते कुठे?

वेळ पक्की आहे. सोमवारी, पंधरा तारखेला, संध्याकाळी सहाला म्हातारी मुलीशी फोनवर बोलली. आठला मुलीने पुन्हा फोन केला तो उचलला नाही. मुलगी ओसाकाला. “बर्फाने लाइन गेली असेल असं वाटलं हो,” म्हणून रडत होती. दोन दिवस वाटत राहिलं तिला! असल्या पोटच्या पोरांना काय म्हणावं.

१८ जानेवारी

मुख्यालयातून मदत आली. मदत म्हणजे एक बाई — साकाकी. पस्तिशीची, आवाज खाली, वही सतत उघडी. मी शिंकलो तरी लिहून ठेवेल. प्रत्येक गोष्टीमागे तिचं एकच: “काझामासाहेब, हे तुम्हाला कसं कळलं?”

सत्तावीस वर्षं हेच करतोय बाई. म्हणून कळलं!

१९ जानेवारी

माणूस सापडला. तोकिएदा. चाळिशीचा, क्यूशूकडचा, पाच वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलाय. बर्फाच्या देशात बर्फ न पाहिलेला माणूस कशाला येतो? एकट्या म्हाताऱ्यांच्या छपरावरचा बर्फ काढतो. होसोकाईचं छप्पर त्याच्याकडे, मारुताचंही त्याच्याकडे. त्याचं फावडं मारुताच्या पडवीत उभं होतं. तिकडे क्यूशूत असताना एकाचा जबडा फोडून दोन वर्षं आत बसून आलाय.

चौकशीला बोलावलं तर आला. बूट काढले, नीट जोडून ठेवले, बसला. मख्ख. मला असली माणसं बघवत नाहीत. घाबरावं, चिडावं, काहीतरी करावं माणसाने!

२२ जानेवारी

रीतसर अटक केली. तेवीस दिवस हातात. तेरा फेब्रुवारीपर्यंत आरोपपत्र, नाहीतर सोडून द्यायचा. तेवीस दिवस खूप झाले. मला कधी पंधराच्या वर लागले नाहीत.

२३ जानेवारी

आज त्याने तोंड उघडलं. शिपाई चहा आणायला गेला होता, खोलीत आम्ही दोघंच.

मी विचारलं, “पंधराला संध्याकाळी कुठे होतास?”

“ओकुनोसावात.”

“कुणाकडे?”

माझ्याकडे बघून म्हणाला, “काझामा आजींकडे. तुमच्या आईंकडे, साहेब.”

मेज असं आपटलं की राखदाणी खाली पडली. माझी आई! कुठून तरी नाव काढलं, गाव काढलं, आणि तोंडावर फेकतोय. धमकी देतोय मला, दुसरं काय? तुझीही म्हातारी एकटीच आहे, मला तिचं घर माहीत आहे — असंच ना?

शिपाई चहा घेऊन आला तेव्हा तो परत मख्ख. जबाबात मी लिहिलं : कुठे होता ते सांगत नाही.

२४ जानेवारी

साकाकी ओकुनोसावात जाऊन आली. कुणी पाठवलं होतं हिला? तोकिएदा कामाला जातो ती गावं फिरतेय म्हणे. म्हणते, पंधराला गावात पेंढ्याचा मनोरा पेटवतात ती होळी होती, अख्खं गाव खालच्या शेतात जमलं होतं, पण तोकिएदा तिथे कुणालाच दिसला नाही.

“बघा!” मी म्हणालो.

“हो, पण त्याची गाडी देवळाजवळ होती म्हणतात. माणूस होळीला नाही आणि गाडी गावात. मग तो होता कुठे?”

“खून करत होता, बाई.”

“नऊ किलोमीटरवर? चालत? एवढ्या बर्फात?”

जेवायला गेलो नाही. भूकच मेली.

२५ जानेवारी

आईकडे गेलो. ऑगस्टमध्ये बाबांच्या वर्षश्राद्धाला गेलो होतो, त्यानंतर आज.

देवळापुढे गाडी जात नाही. घरापर्यंतची वाट बुजलेली, मांडीपर्यंत रुतत गेलो. छपरावर कमरेएवढा थर. दार उघडायला तिने पाच मिनिटं लावली.

“मित्सुओ? काय झालं? कोण गेलं?”

मी आलो म्हणजे कुणीतरी मेलंच असणार! आत जाऊन कोतात्सुच्या, शेगडीवरच्या बुटक्या मेजाच्या, रजईत पाय घातले. तिने चहा ठेवला, मुळ्याचं लोणचं काढलं. मी काही विचारायच्या आत तीच सुरू झाली.

“त्या तोकिएदाला का रे धरलंत?”

“तू त्याला कशी ओळखतेस?”

“तीन हिवाळे माझ्या छपरावरचा बर्फ तोच काढतो. तू काढतोस का?”

यायच्या आधीच ठरवलं होतं, चिडायचं नाही. सरळ विचारलं, “पंधरा तारखेला संध्याकाळी तो कुठे होता?”

“इथे. तू बसलायस तिथेच.”

मग तिने सगळं सांगितलं. मला नको होतं तरी सांगितलं. दुपारभर छपरावरचा बर्फ काढला. पाचला अंधार पडला तसा खाली आला. गाव होळीला निघालं. हिचे गुडघे असे, जिना चढवत नाही. “म्हणाला, आजी, वरच्या खिडकीतून दिसेल की! आणि मला पाठुंगळी घेऊन वर नेलं. नवी नवरी असल्यासारखं! सातला जाळ झाला. काय उंच गेला यंदा! मग खाली येऊन तांदळाच्या मोची भाजल्या. मी दोन खाल्ल्या, त्याने सहा. नऊच्या बातम्या लागल्या तेव्हा उठला.”

“आई, सोळा तारीख असेल. हल्ली तुझ्या लक्षात राहत नाही.”

“होळी सोळाला करतात का रे?”

मी चहा संपवला. चांगला होता.

“हे कुणाला सांगू नकोस. मी बघतो.”

“बघशील ना? नक्की?”

“सांगितलं ना, बघतो म्हणून!”

मोठ्याने ओरडलो असेन. तिचा हात दचकून कपापासून मागे गेला. बाबा ओरडायचे तेव्हा असाच जायचा.

२६ जानेवारी

आई विसरते. मागच्या वर्षी गॅस चालू ठेवून शेजारी गेली होती. दोन महिन्यांपूर्वी फोनवर मला बाबांच्या नावाने हाक मारली. एक्याऐंशी वर्षांच्या बाईच्या शब्दावर माणूस सोडायचा? कुठल्याही न्यायाधीशाने हसून उडवलं असतं. त्यातून ती तपास अधिकाऱ्याची आई! उद्या म्हणतील, काझामानेच पढवली.

अहवालात लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

२७ जानेवारी

बर्फ. रक्तदाब एकशे ऐंशी. बायको बहिणीकडे.

२९ जानेवारी

आज तो परत म्हणाला, “आजींना विचारलंत का, साहेब?” शिपायाला मी आधीच बाहेर काढलं होतं.

मी खुर्ची त्याच्या शेजारी ओढली. अगदी हळू बोललो. मला हळूही बोलता येतं.

“तिचं नाव पुन्हा घेतलंस तर तिला इथे आणीन. या खुर्चीत बसवीन, सकाळी आठपासून. एकच प्रश्न शंभरदा विचारीन. उद्या पुन्हा, परवा पुन्हा. तिचे गुडघे तुला माहीतच आहेत.”

दहा दिवसांत तो पहिल्यांदा हलला.

“साहेब, ती तुमची आई आहे.”

“म्हणूनच सांगतोय. मी करीन.”

त्याने मान खाली घातली. दुपारच्या भाताला हात लावला नाही. लागलं! कुठेतरी लागलं!

२ फेब्रुवारी

साकाकीने आज सगळ्यांसमोर विचारलं, “पंधराला कुठे होतो ते तो खरंच काही सांगत नाही? एक शब्दही नाही?”

“नाही.”

“विचित्र आहे. बाकी सगळ्या प्रश्नांना उत्तर देतो.”

निशिवाकी साहेब म्हणाले, काझामावर सोडा, तो फोडतो. तिने वहीत काहीतरी लिहिलं. ती वही शेगडीत घालावीशी वाटते.

५ फेब्रुवारी

फुटला!!

सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. माझ्या कुठल्याही प्रश्नाआधी तोच म्हणाला, “लिहा, साहेब. मी केलं.”

“दोघींना?”

“दोघींना.”

“उशीने?”

“उशीने.”

“मग उशी परत डोक्याखाली का ठेवलीस?”

“झोपल्यासारखं दिसावं म्हणून... असेल.”

लिहून घेतलं. अंगठा उठवला. शेवटी एवढंच म्हणाला, “आता आजींना इथे यावं लागणार नाही ना?” मी कागद फायलीत घातला.

निशिवाकी साहेबांनी साकेची बाटली काढली. सगळ्यांनी पाठ थोपटली. “पंधरा दिवस, काझामा! घड्याळ लावून घ्यावं तुझ्यावर!” साकाकीने पेल्याला फक्त ओठ लावले. लावू दे. हरली की असंच होतं.

आज झोप लागायला हवी होती.

६ फेब्रुवारी

साकाकी सकाळी माझ्या मेजापाशी आली. कबुलीजबाबाचा कागद हातात.

“उशी डोक्याखाली परत ठेवली होती, हे फक्त मारणाऱ्यालाच माहीत.”

“म्हणून तर तो मारणारा.”

“हे त्याने स्वतःहून सांगितलं, की तुम्ही विचारलंत?”

“काय फरक पडतो?”

तिने कागद मेजावर ठेवला आणि गेली. आवाज चढवला असता तर मीही चढवला असता. ही बाई भांडत सुद्धा नाही!

फरक पडतो. मला माहीत आहे. नव्या भरतीच्या पोरापोरींना शिकवतो मी ते — प्रश्नात उत्तर द्यायचं नाही.

८ फेब्रुवारी

तिसरी. पण ही जिवंत आहे.

कोयामा किनु, सत्त्याहत्तर. दुपारी दोनला, डुलकी लागली असताना, कुणीतरी तोंडावर उशी दाबली. शेगडीवर किटली होती. बाईने हात लांब करून ती ओढली आणि उकळतं पाणी फेकलं. पळाला. तोंडावर पंचा होता, चेहरा दिसला नाही.

दवाखान्यात पडल्या पडल्या हसत होती. “मनगट सोलवटलं असणार मेल्याचं! शोधा जा. इथे काय माझी नाडी बघताय?”

तोकिएदा त्या वेळी आमच्या कोठडीत होता. अठरा दिवस आमच्या ताब्यात आहे.

९ फेब्रुवारी

निशिवाकी साहेब : “तिसरं प्रकरण वेगळं. कुणीतरी पेपरात वाचून नक्कल केली.”

साकाकी : “उशीचं पेपरात आलेलंच नाही.”

निशिवाकी साहेब : “कबुली आहे. अंगठा आहे. काझामा, तुझं काय म्हणणं?”

सगळे माझ्याकडे बघत होते.

“नक्कल,” मी म्हणालो.

१० फेब्रुवारी

साकाकीने धरला. रॉकेलच्या टेम्पोवरचा इवाफुने. घरोघर टाक्या भरून देतो. तिन्ही घरी तोच जायचा. तिसावं चालू आहे, गोरा, बोलायला गोड. उजव्या मनगटाला पट्टी. कोयामाबाईचं कबूल केलं, पहिल्या दोघींचं नाही. “पहिल्या दोघी तर तुमच्या तोकिएदाने मारल्या ना?” म्हणतो. पेपर वाचतो साला.

निशिवाकी साहेब खूश. हिशेब जुळला म्हणे, दोन खून एकाचे, तिसरा प्रयत्न दुसऱ्याचा. तेरालाच आरोपपत्र. निघताना मला म्हणाले, “तुझी कबुली पक्की आहे ना रे?”

पक्की आहे म्हणालो. तोंड आपोआप बोललं.

११ फेब्रुवारी

साकाकीचा घरी फोन. तोकिएदा ज्यांच्या छपरांवरचा बर्फ काढतो त्यांची यादी तिने गोळा केली आहे, चौदा नावं. तेरा घरं झाली. चौदावं ओकुनोसावाचं.

“काझामा फुमि. तुमच्या आई ना?”

“हो.”

“उद्या जाते आहे. तुम्ही येता?”

नाही म्हटलं असतं तर तिने लिहून ठेवलं असतं. हो म्हणालो. वाटलं, मी समोर असलो तर आई बोलणार नाही. एवढंच वाटलं, दुसरं काही नाही. खरं लिहायला ही एकच जागा उरली आहे, म्हणून लिहितो.

१२ फेब्रुवारी

साकाकीबरोबर गेलो. घरापाशी वाट नव्हतीच. छपरावरचा बर्फ पुढे लोंबत होता, त्याच्या ओझ्याने वरच्या मजल्यावरचं दार कण्हत होतं. साकाकीने वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. हिचा हा स्वभाव मला आवडत नाही.

आई आत सगळे लोकरी कपडे चढवून बसली होती. मी स्वयंपाकघरात थांबलो. दार पुरतं लागत नाही तिथलं, सगळं ऐकू येतं.

तिने सगळं सांगितलं. पाचचा अंधार, पाठुंगळी, सातचा जाळ, दोन मोची आणि सहा मोची, नऊच्या बातम्या. एक शब्द इकडचा तिकडे नाही. तारीख विचारली तर म्हणाली, “बाई, या गावात जन्मलेय. होळीची तारीख मला विचारता?” साकाकीने मुद्दाम फिरवून फिरवून विचारलं. आई एकदाही चुकली नाही. विसरते म्हणे!

मग साकाकी म्हणाली, “आजी, हे याआधी कुणाला सांगितलं होतंत का? पोलिसांपैकी कुणाला?”

माझा हात ओट्यावर होता. फरशी इतकी गार, पण हात काढता येईना.

आई लगेच म्हणाली, “नाही. कुणी आलंच नाही विचारायला.”

“मुलालाही नाही?”

“त्याला वेळ कुठे असतो हो! ऑगस्टनंतर आजच आलाय.”

खोटं. अगदी सरळ, शांत खोटं. आयुष्यात मी हिला खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. बाबांच्या हातचा मार खातानाही नाही.

निघताना तिने मला लोणच्याचा डबा दिला. डोळ्यात बघितलं नाही. म्हणाली, “सांभाळून जा.” मी जोडे चढवले. सुटलो! गाडीत बसेपर्यंत डोक्यात हा एकच शब्द. सुटलो, सुटलो.

१३ फेब्रुवारी

तोकिएदाला सोडला.

दुपारपर्यंत इवाफुनेने बाकीचे दोन्ही खूनही कबूल केले. साकाकीने त्याला उशीचं काही विचारलं नव्हतं. मी चौकशीच्या खोलीच्या आरशामागे उभा होतो, ऐकलं सगळं. तोच म्हणाला, “दमलेल्या असायच्या हो. झोपवलं मी. उशी परत नीट ठेवली, मान अवघडू नये म्हणून.” हे बोलताना त्याला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

निशिवाकी साहेब म्हणाले, “तुझ्या आईने वाचवलं रे सगळ्यांना! ती आधी बोलली असती तर बरं झालं असतं, पण म्हातारी माणसं... तुझा काही दोष नाही. तोकिएदाने स्वतःच अंगठा दिला.” माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता.

तोकिएदाला त्याचे बूट, पट्टा, पाकीट परत द्यायला मीच गेलो. जायचं नव्हतं, पण गेलो. वाटलं, थुंकेल. थुंकावं. मी तयार होतो.

तो बुटाची नाडी बांधत होता. खाली मान घालूनच म्हणाला, “आजींच्या छपरावर किती साठलाय?”

“खूप.”

“मागची बाजू आधी काढतो. पुढचा एकदम पडला तर दार बुजेल.”

उभा राहिला, वाकून नमस्कार केला आणि गेला. फाटकाबाहेर सरळ बस थांब्याकडे. ओकुनोसावाची बस चारला असते.

शिव्या द्यायला काय झालं होतं याला! तीन आठवडे सडवला याला मी. एक शिवी, एकच, माझ्याकडे भिरकावता आली नसती? असल्या माणसांचा मला संताप येतो. येतो म्हणजे येतो.

१४ फेब्रुवारी

सकाळी आठला साकाकीबाईंच्या मेजासमोरच्या खुर्चीत जाऊन बसलो. म्हणालो, लिहून घ्या. आईने मला पंचवीस जानेवारीला सांगितलं होतं. आधी तोकिएदाने, तेवीसला. दोन्ही मी दाबलं.

त्यांनी वही उघडली. पेनाचं टोपण काढलं. मग विचारलं, “नाव?”

मी सांगितलं.